उजव्या डोळ्यातला ठिपका

मला लिहायची सवय नाही. प्रयोगवहीत लिहिते तेवढंच: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. हे तसं लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला, पण "साहित्य" या मथळ्याखाली आईचा कपड्यांचा चिमटा आला आणि मी थांबले.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना घरी प्रयोग करताना माझ्या उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला लेझरने भाजलं. त्यातून मी बरीचशी बरी झाले आहे. पूर्ण नाही. तेव्हा असं काही झालेलं माणूस मला कुठे भेटलं नव्हतं, आणि इंटरनेटवर जे सापडलं ते एक तर फार घाबरवणारं होतं किंवा फार कठीण. म्हणून हे लिहिते आहे.

मराठीत लिहिण्याचं कारण आई. माझं कॉलेज सगळं इंग्रजीत, बाहेरचं सगळं हिंदीत. मी काय करते ते आईला वाचता येईल असा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

केस मोजायचा होता

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पप्पा सैन्यात हवालदार आहेत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. गाव गडहिंग्लज तालुक्यात, पण मी वाढले छावण्यांमध्येच. गेली चार वर्षं आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहतो.

कॉलेजात आम्हाला एक प्रयोग होता. लेझरच्या प्रकाशाच्या वाटेत माणसाचा एक केस ताणून धरायचा. समोरच्या भिंतीवर उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं की केसाची जाडी काढता येते. मला हा प्रयोग फार आवडला. पट्टीने जे मोजणं शक्यच नाही ते भिंतीवर मोठं होऊन येतं आणि साधी पट्टी पुरते. पण माझं उत्तर चुकलं होतं, आणि सरांनी वहीवर लाल पेनने "पुन्हा पाहा" असं लिहिलं होतं.

ते मी मनावर घेतलं. शिवाय आईला दाखवायचं होतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "केस मोजायला एवढं कॉलेज? तुझ्या आजीचा मोजायला हवा होतास. दोरखंड होता नुसता."

दिल्लीच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका दुकानातून मी हिरव्या प्रकाशाचं लेझर आणलं. पेनाएवढं. कॉलेजातलं लाल आणि मंद होतं. हे बघताक्षणी आवडलं. दुकानदार म्हणाला, "बेटा, सामने वाली बिल्डिंग तक जाएगी." मला आनंद झाला. खरं तर तिथेच परत फिरायला हवं होतं. त्याच्यावर ताकदीचा एक छोटा आकडा छापलेला होता आणि तो वाचून मी निश्चिंत झाले. छापलेला आकडा खरा असेलच असं नाही, हे मला नंतर कळलं.

रविवारची दुपार. पप्पा ड्यूटीवर, आई शेजारच्या क्वार्टरमध्ये पापड लाटायला. मी पडदे ओढले, दिवा बंद केला. शिलाई मशीनच्या टेबलावर दोन पुस्तकं ठेवून त्यांवर लेझर बसवलं. त्याचं बटण दाबून ठेवावं लागायचं, म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावला. समोर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर आईचा एक केस चिकटवला. भिंतीवर पट्टे आले. खूप सुंदर आले. मी दोन मापं घेतली.

तिसऱ्या मापाच्या वेळी भिंतीवरचा उजेड फिका झाला आणि गेला. मला वाटलं सेल संपले. सेल बदलण्याआधी केस लेझरच्या बरोबर समोर आहे का, ते बघून घ्यावं असं मनात आलं. लेझरच्या मागे लोखंडी कपाट होतं, तिथून बघता येत नव्हतं. म्हणून मी भिंतीच्या बाजूने खाली वाकले.

दोन वर्षं मी एनसीसीत होते आणि रायफलचा माझा नेम बरा होता. एका रेषेत काही बघायचं म्हटलं की माझं शरीर आपोआप तेच करतं: डावा डोळा बंद, उजवा उघडा, श्वास रोखलेला. मी तसंच केलं. चिमटा बटणावर तसाच होता. सेल संपले नव्हते, सेलला टेकणारी आतली पत्ती सैल झाली होती. माझा हात टेबलाला लागला असावा आणि ती पुन्हा टेकली असावी.

दुखलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण दुखलं असतं तर मी ओरडले असते आणि पुढचे तीन दिवस वेगळे गेले असते. सगळं हिरवं झालं आणि मी मागे बसले. मग डोळ्यासमोर एक गोल ठिपका आला, कॅमेऱ्याचा फ्लॅश बघितल्यावर येतो तसा. आधी हिरवा, मग जांभळा, मग करडा. मी तो जायची वाट बघत बसले. आई पापड लाटून परत आली तरी तो होता.

तीन दिवस

मी का सांगितलं नाही, हे समजावणं अपघात समजावण्यापेक्षा अवघड आहे.

सैन्यात जवानाने सकाळी आजारी असल्याचं कळवलं की त्याला सिक रिपोर्ट म्हणतात. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. पप्पांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "सिक रिपोर्टवाला जवान आणि पंक्चर टायर, दोघंही नेमके परेडच्या वेळेलाच खाली बसतात." लहानपणी आम्ही यावर हसायचो. टायफॉइडमध्ये मी तीन दिवस शाळेत गेले होते, कारण पप्पा म्हणाले होते की चालायला लागलं की ताप उतरतो. वाईट भावनेने नव्हे. ते स्वतःही तसेच कामावर जातात.

दुसरं कारण माझ्या काकांचं. मी फिजिक्स घेतलं तेव्हा गावाहून काकांचा फोन आला होता: मुलीला एवढं सायन्स कशाला, बी.ए., बी.एड. करू दे, लवकर नोकरीला लागेल. पप्पा मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर कधी जात नाहीत. त्या दिवशी गेले. "तिला फिजिक्सच करायचंय, दादा," एवढंच म्हणाले. आता मी सांगितलं तर काकांचं खरं आणि पप्पांचं खोटं ठरणार होतं. आणि पप्पा मला फिजिक्स सोडायला लावतील याची मला खात्री वाटत होती.

म्हणून मी गप्प राहिले आणि डोळा तपासत राहिले. दोन्ही डोळे उघडे असले की जवळजवळ काही कळायचं नाही. डावा डोळा उणीव भरून काढायचा. डावा झाकला की मात्र समोरच्या माणसाचं नाक नसायचं. बसचा नंबर तीन आकडी असला तर मधला आकडा गायब. मी ज्याच्याकडे बघेन तेच नेमकं जायचं. खिडकीचे गज मधे वाकलेले दिसायचे. मी रोज शंभर वेळा डावा डोळा झाकत होते आणि दर वेळी वाटायचं, आता गेलं असेल.

अदिती

बुधवारी प्रॅक्टिकल होतं. अदिती माझी प्रयोगातली जोडीदार. तिचे आईबाबा पुण्याचे, दोघंही गुरुग्रामला आयटीत. ती रोज मेट्रोने येते. कॉलेजात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच.

त्या दिवशी कोन मोजायचे होते. त्यासाठी बारीक रेघांच्या दोन पट्ट्या असतात; कोणती रेघ कोणत्या रेघेला जुळते ते भिंगातून बघायचं. मी सवयीने उजवा डोळा लावला. मधल्या रेघा नव्हत्याच. मी अंदाजाने आकडा सांगितला. मग दुसरा. मग तिसरा.

"स्नेहल, हे काय लिहायला लावते आहेस?" अदिती म्हणाली. "काहीच्या काही आहे. झोपली नाहीस का?"

"उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे आत्ता तुला नाक नाहीये."

ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. मी सगळं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "यार, रविवारपासून? आणि घरी माहीत नाही?"

"सांगणार आहे."

"कधी? दुसरा पण गेल्यावर?"

"तुझ्या घरी सोपं असतं, अदिती."

"असेल. पण मी आज आठ वाजता फोन करणार. तू सांगितलं नसशील तर माझी आई तुझ्या आईला फोन करेल. आणि माझी आई एकदा बोलायला लागली की थांबत नाही, तुला माहितीये."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आज मी तिला काय मानते ते मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही. तिच्यामुळे मी घरी बोलले, एवढं इथे लिहून ठेवते.

सिक रिपोर्ट

संध्याकाळी पप्पा पलंगावर बसून शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून दुरुस्त करत होते. आई स्वयंपाकघरात होती. मी बराच वेळ दारात उभी राहिले. काय शब्द वापरावेत तेच सुचेना.

"पप्पा, मला सिक रिपोर्ट द्यायचाय."

त्यांनी वर न बघता विचारलं, "कुठल्या परेडला दांडी मारायची आहे?"

मी सांगायला लागले. पहिल्या दोन वाक्यांनंतर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "ते आण."

मी लेझर आणून दिलं. त्यांनी आधी मागचं झाकण काढून दोन्ही सेल बाहेर काढले, सेल एका खिशात आणि लेझर दुसऱ्या खिशात ठेवलं. मग विचारलं, "तू कुठून बघत होतीस?"

"समोरून."

"म्हणजे नळीच्या तोंडाकडून."

मी मान डोलावली.

"एनसीसीत काय शिकवलं? रायफल रिकामी आहे असं कधी धरायचं?"

"कधीच नाही."

"मग?"

"ती रायफल नव्हती ना, पप्पा. ते लेझर होतं."

हे वाक्य तीन दिवस माझ्या डोक्यात अगदी बरोबर वाटत होतं. मोठ्याने बोलल्यावर ते किती पोकळ आहे ते मलाच ऐकू आलं.

पप्पा म्हणाले, "रविवारी झालं. आज बुधवार. का नाही सांगितलंस?"

आतून आई म्हणाली, "तुमच्यामुळे. दुसरं काय."

"मी काय केलं?"

"टायफॉइडमध्ये शाळेत कोणी पाठवलं होतं तिला? पंक्चर टायर, पंक्चर टायर करत असता दिवसभर. पोरगी आता डोळा फुटला तरी सांगायची नाही."

पप्पांनी उघडा मिक्सर तसाच बाजूला सरकवला. "सकाळी सहाला तयार राहा," ते मला म्हणाले. आठ वाजता अदितीचा फोन आला. "सांगितलं," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.

निदानाचा दिवस

आमच्याकडे आधी युनिटच्या दवाखान्यात जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन मिलिटरी हॉस्पिटलला. सकाळी सिक रिपोर्टच्या रांगेत पप्पा माझ्यासोबत उभे राहिले, वर्दीत. त्यांचे दोन जवानही रांगेत होते. त्यांनी पप्पांना तिथे बघून एकमेकांकडे पाहिलं. पप्पांनी त्यांना विचारलं, "काय झालंय? ताप?" एवढंच. टायरचं नाव काढलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून बसवतात. अर्ध्या तासाने सगळं धूसर होतं आणि उजेड बोचतो. हातातला कागदही वाचता येत नाही, त्यामुळे नुसतं घाबरत बसायचं. माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार मोतीबिंदूसाठी बसले होते. त्यांनी विचारलं, "क्या हुआ बेटी, इतनी छोटी उमर में?"

"प्रयोग करते हुए लगा."

"कौन-सा प्रयोग?"

"बाल की मोटाई नापने का."

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता. "मेरे पास आतीं," ते म्हणाले, "काम जल्दी निपट जाता." मी हसले. पप्पाही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू, पण ते मला अजून पुरतं.

डॉक्टर तरुण होत्या. तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून आतल्या हिरव्या फुलीकडे बघायचं असतं. हिरवं बघून मी डोकं मागे घेतलं. यंत्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "डरो मत, यह वह वाला नहीं है. बीच में देखो."

"बीच ही नहीं दिख रहा," मी म्हणाले.

त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "जहाँ होना चाहिए, वहाँ देखो." मी तसं केलं.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. डोळ्याच्या पडद्याचे पातळ थर, आणि नेमक्या मधल्या जागी एक बारीक खाच. कागदाला अगरबत्तीचं टोक लागल्यावर होतं तसं, असं त्या म्हणाल्या. डोळ्यातलं भिंग प्रकाश एका बिंदूत गोळा करतं, आणि त्या बिंदूनेच आपण वाचतो. हे मला माहीत होतं. दहावीत डोळ्याची आकृती काढून मी पूर्ण गुण मिळवले होते.

"ठीक होगा?" पप्पांनी विचारलं.

"कुछ हद तक. कितना, वह आज नहीं बता सकती. तीन महीने में पता चलेगा." त्यांनी काही गोळ्या दिल्या. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. अक्षरांच्या तक्त्यावर उजव्या डोळ्याने मला फक्त वरच्या तीन ओळी आल्या होत्या.

निघताना पप्पा उठून सावधान उभे राहिले. "मैडम, गलती मेरी है."

"लेझर आपने चलाया था?"

"नहीं. बच्ची तीन दिन बोली नहीं. वह मेरी वजह से."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की या भाजण्यात तीन दिवसांच्या उशिराने कदाचित फार फरक पडला नसेल. "पर यह आप लोगों को मालूम नहीं था," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कुछ चोटों में तीन घंटे भी बहुत होते हैं."

चौकटींचा कागद

त्यांनी मला एक चौकटींचा कागद दिला. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्या मध्याकडे बघायचं आणि जिथे रेघा वाकतात किंवा नाहीशा होतात तिथे पेन्सिलने खूण करायची. तो आम्ही फ्रिजवर लावला. आईचा त्या कागदावर विश्वास नव्हता. तिची तपासणी वेगळी: भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरसमोर मला उभं करायची आणि म्हणायची, "तिथी वाच." तारीख मोठी असते, तिथी बारीक. पहिले तीन आठवडे मला तारीखसुद्धा अर्धी दिसायची.

एका सकाळी मी कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि तिथी घडाघडा वाचली. नक्षत्रसुद्धा. आईने लगेच शिऱ्यासाठी कढई ठेवली. मी आनंदाने अदितीला फोन लावला, आणि फोन कानाला लावताना माझ्या लक्षात आलं की मी उजवा डोळा झाकला होता. मी आईला सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे, एकदा रव्याकडे बघितलं. "तूप टाकलंय आता," ती म्हणाली. शिरा झाला आणि आम्ही तो खाल्ला.

घरात ताण होता, तो लपवून उपयोग नाही. काकांना कळलं आणि त्यांचा फोन आला. पप्पा फोन घेऊन बाहेर गेले. मला खिडकीतून एवढंच ऐकू आलं: "हो दादा... हो... बरोबर आहे." त्यांनी भांडायला हवं होतं असं मला वाटत होतं. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "बी.ए.चे फॉर्म कधी निघतात?"

"मी बी.ए. करणार नाही," मी म्हणाले. इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"दुसरा डोळा मी कुठून आणू?"

"दुसरा जाणार नाही."

"पहिला जाईल असं तरी कुठं वाटलं होतं?"

आई मधे पडली आणि ठरलं ते असं: तीन महिन्यांनी डॉक्टर काय म्हणतात ते बघायचं. त्या म्हणाल्या की झेपेल, तर प्रॅक्टिकलची परीक्षा द्यायची. नाही म्हणाल्या, तर फिजिक्स सोडायचं. तोपर्यंत कॉलेजला जायचं, पण प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही.

त्या तीन महिन्यांत मला भीती वाटायची ती आंधळं होण्याची नव्हती. डावा डोळा चांगला होता. मी वाचू शकत होते, रस्ता ओलांडू शकत होते. भीती ही होती की तो ठिपका माझ्या आणि त्या भिंतीवरच्या पट्ट्यांच्या मधे कायमचा राहील. अदिती मेट्रोतून व्हॉइस नोट पाठवायची: त्या दिवशीचा प्रयोग, काय केलं, कुठे चुकलं. मधेमधे "अगला स्टेशन" ऐकू यायचं. ती मुद्दाम आपल्या चुका जास्त सांगायची, असा मला संशय आहे.

आणि ठिपका हळूहळू बदलला. करड्याचा फिकट झाला, मग धुरासारखा. कागदावरच्या पेन्सिलच्या खुणा आत सरकत गेल्या. नवव्या आठवड्यात मी एकादशी वाचली, या वेळी खरोखर उजव्या डोळ्याने. आईने माझ्या डाव्या डोळ्यावरचा हात स्वतः तपासून बघितला.

तीन महिन्यांनी

तक्ता पुन्हा समोर आला. मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेले. त्या ओळीत एक अक्षर सरळ बघितलं की हरवत होतं. नजर किंचित बाजूला नेली की सापडत होतं. डॉक्टरांनी नवीन चित्र जुन्याच्या शेजारी लावलं. खाच बरीच भरली होती. "इतना-सा रहेगा," त्या म्हणाल्या, बोटांत चिमूटभर जागा दाखवत. "इसके साथ सब काम होते हैं."

पप्पांनी प्रश्न कागदावर लिहून आणले होते. त्यातला पहिलाच वाचला. "मैडम, फिजिक्स छोड़नी पड़ेगी क्या? उसमें लेझर रहता है."

"आँख की तरफ से मेरी कोई मनाही नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी इसी से पूछिए. बताओ, अब लेझर के सामने क्या करोगी?"

चारचौघांत बोलणं मला जमत नाही. वर्गातसुद्धा मी उत्तर माहीत असून हात वर करत नाही. मी हिंदीत सुरुवात केली, पण पप्पांकडे बघता बघता मराठीत कधी आले ते कळलं नाही.

मी सांगितलं की बाजारातलं, ताकद माहीत नसलेलं लेझर मी पुन्हा विकत घेणार नाही. जे वापरेन ते टेबलाला घट्ट बसवीन, डोळ्यांच्या उंचीला कधीच नाही. समोर शेवटी काळा, न चकाकणारा पुठ्ठा असेल, म्हणजे प्रकाश तिथेच थांबेल. बांगड्या, घड्याळ, स्टीलचं काहीही आसपास नाही, कारण त्यांच्यावरून उडालेला किरणही तेवढंच भाजू शकतो.

"खोलीत अंधार करून?" पप्पांनी विचारलं. इन्स्पेक्शनला विचारतात तसं.

"नाही. दिवा लावून. अंधारात बाहुली मोठी होते आणि जास्त प्रकाश आत जातो."

"काळा चष्मा घातला तर?"

"उन्हाच्या चष्म्याचा उपयोग नाही. त्याच रंगाच्या लेझरसाठी बनवलेला चष्मा लागतो, आणि तो घातला तरी किरणात बघायचं नाही."

"आणि सरळ रेषेत बसलंय की नाही ते कसं बघणार?"

"डोळ्याने नाही. पांढरा कागद वाटेत धरून. ठिपका कागदावर बघायचा, वरून."

"आणि बंद पडलं तर?"

इथे मी थांबले.

"बंद पडलेलं म्हणजे बंद केलेलं नाही," मी म्हणाले. "चालू आहे असंच धरायचं. आधी सेल काढायचे, मगच खाली वाकायचं. आणि तरीही काही झालं, तर त्याच दिवशी सांगायचं."

डॉक्टर म्हणाल्या, "मराठी मुझे नहीं आती, पर पास लगती है." आणि त्यांनी माझ्या तपासणीच्या कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर पप्पा झाडाखाली उभे राहिले. प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला. त्यातले बाकीचे त्यांनी विचारलेच नव्हते.

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं." मग म्हणाले, "तू काय शिकतेस ते मला आज कळलं." त्यांनी फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "दादाला लाव. आत मला जसं सांगितलंस, तसंच त्याला सांग."

"मी?"

"मला एवढं बोलता येणार नाही."

काकांनी फोन उचलला. मी म्हणाले, "काका, मी स्नेहल. डोळा बराच बरा आहे. मी परीक्षा देणार आहे. काय झालं ते पहिल्यापासून सांगते." काका मधे काहीतरी बोलतील म्हणून मी थांबत थांबत सांगत होते, पण ते बोलले नाहीत. हिरव्या लेझरपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"थांब जरा. स्पीकरवर टाकतो, पोरीला पण ऐकू दे. आमच्या प्राजूनं पण जत्रेतनं तसलंच एक आणलंय. सकाळपासून मांजराच्या मागं लावून बसलीय."

"काका, तिला आधी त्यातले सेल काढायला सांगा," मी म्हणाले. "मी थांबते. काढले की पुढचं सांगते."